तापलेल्या धातूचं आयुष्य



पैनगंगेच्या या तीरावर, आदिलाबादला, मराठीतून विज्ञानाबद्दल बोलायला मिळतंय, याचा मला फार आनंद आहे. १९५६ पर्यंत किनवट आणि राजुरा हे तालुके याच जिल्ह्यात होते. भाषावार प्रांतरचनेत ते पलीकडे गेले, पण इकडच्या घरांत आणि बाजारात मराठी राहिलीच. आजचा माझा विषय असा: धातूंचं एखादं मिश्रण किती उष्णता किती वर्षं सोसेल, याचा अंदाज न्यूरल नेटवर्क नावाच्या गणितानं कसा बांधतात, आणि त्या अंदाजावर विश्वास कधी ठेवावा. विषय दूरच्या प्रयोगशाळेतला वाटेल, पण आपल्या मुलखाशी त्याचा दोन ठिकाणी संबंध आहे. गोदावरीच्या खोऱ्यात एके काळी जगाला हवं असलेलं पोलाद तयार होत होतं. आणि आज मंचिर्यालजवळच्या जयपूरला सिंगरेणी कोळसा कंपनीचं १२०० मेगावॅटचं वीज केंद्र आहे, गोदावरीपलीकडे रामगुंडम आहे, उत्तरेला २९२० मेगावॅटचं चंद्रपूर आहे. या सगळ्या केंद्रांच्या बॉयलरमध्ये रात्रंदिवस पोलाद तापत असतं.

लोखंड १५३८ अंश सेल्सिअसला वितळतं. मग ५५० अंशांना पोलादाच्या नळीला काय होणार, असं कुणालाही वाटेल. त्या दिवशी काहीच होत नाही, आणि धोका नेमका तिथेच आहे. तापलेल्या धातूवर दाब किंवा ताण सतत राहिला, तर तो अतिशय सावकाश ताणला जातो. वर्षाला केसभर, दोन केस. आतले अणू जागा बदलतात, धातूच्या कणांच्या सीमांवर बारीक पोकळ्या तयार होतात, त्या एकमेकींना मिळतात, आणि एके दिवशी बॉयलरची नळी फुगून फाटते. अभियंते या सावकाश ताणल्या जाण्याला क्रीप म्हणतात. नळी फुटली की संच बंद, दुरुस्ती होईपर्यंत वीज बंद. फुटणाऱ्या नळ्यांमागे इतरही कारणं असतात. आपल्या कोळशात राख भरपूर, ती राख नळ्या बाहेरून घासते. आतून गंजाचा थर बसतो, त्या थरामुळे नळीतली उष्णता वाफेकडे नीट जात नाही आणि धातू ठरवल्यापेक्षा जास्त तापतो. आणि धातू जास्त तापला की क्रीपचा वेग वाढतो.

किती वाढतो, हे एका साध्या हिशेबानं सांगतो. १९५२ साली लार्सन आणि मिलर या दोन अभियंत्यांनी एक सूत्र मांडलं, ते आजही वापरात आहे. तापमान केल्विनमध्ये घ्यायचं, नळी फुटेपर्यंतच्या तासांचा लॉगॅरिदम काढायचा, त्यात साधारण २० मिळवायचे आणि दोन्हींचा गुणाकार करायचा. ठरावीक ताणासाठी हा गुणाकार जवळपास कायम राहतो. आता समजा, ६०० अंशांना एक नळी १,००,००० तास टिकते, म्हणजे सव्वाअकरा वर्षांहून थोडं जास्त. ताण तोच ठेवून तापमान फक्त १० अंशांनी वाढवलं, तर हेच सूत्र सांगतं की ती सुमारे ५२,००० तासच टिकेल. आयुष्य जवळजवळ अर्धं झालं. ५० अंशांनी वाढवलं तर उरतात सुमारे ४,४०० तास, म्हणजे सहा महिने. घरी वही घेऊन हा हिशेब करून पाहा, अकरावीच्या मुलाला जमण्यासारखा आहे. नियंत्रण कक्षातला माणूस तापमानाच्या आठ-दहा अंशांसाठी एवढा जीव का टाकतो, ते या हिशेबात दिसतं.

मग नवं पोलाद बनवणाऱ्यासमोर अडचण उभी राहते. त्यानं मिश्रणात क्रोमियम थोडं वाढवलं, मॉलिब्डेनम थोडं कमी केलं, चिमूटभर व्हॅनेडियम, नायोबियम आणि नायट्रोजन घातलं. हे पोलाद १,००,००० तास टिकेल का? खात्री करायची तर अकरा वर्षं थांबावं लागेल, आणि मिश्रणं तर हजारो शक्य आहेत.

थांबणारे लोक जगात आहेत, हे आधी सांगायला हवं. जपानच्या राष्ट्रीय धातुसंशोधन संस्थेनं १९६६ पासून क्रीपच्या चाचण्यांचा एक मोठा उपक्रम चालवला. पोलादाचे तुकडे भट्टीत लटकवायचे, खाली वजन टांगायचं आणि नोंद ठेवायची. १९६९ च्या जूनमध्ये तिथे कार्बन पोलादाचा एक तुकडा ४०० अंशांना ताणाखाली ठेवला गेला. ती चाचणी २०११ पर्यंत चालली. ज्यांनी ती सुरू केली ते निवृत्त झाले, त्यांच्या जागी दुसरे आले, तुकडा तिथेच लटकत राहिला आणि वहीत आकडे भरले जात राहिले. मुख्य म्हणजे त्या संस्थेनं हे आकडे छापून जगापुढे ठेवले. पुढे जे सांगणार आहे ते सगळं या चिकाटीवर उभं आहे, म्हणून तिला इथे मी थोडा जास्त वेळ दिला.

आता न्यूरल नेटवर्ककडे येऊ. या जिल्ह्यात कापसाचं पीक पाहून मोठे झालेले लोक समोर बसले आहेत, म्हणून तुमच्याच शेतातला दाखला देतो. तीस हंगाम पाहिलेला शेतकरी बांधावर उभा राहून सांगतो, या वावरात एकरी इतके क्विंटल निघतील. त्याच्याकडे सूत्र नसतं. जमीन, पेरणीची तारीख, पाऊस, बोंडांची संख्या, बोंडअळी, खत यांचे अनेक मेळ त्यानं पाहिलेले असतात, आणि प्रत्येक मेळाचा शेवट काय झाला तेही पाहिलेलं असतं. कुठल्या गोष्टीला किती वजन द्यायचं, हे त्याच्या मनात हंगामागून हंगाम बसत जातं. न्यूरल नेटवर्क हेच आकड्यांनी करतं. एका बाजूनं आकडे आत जातात: कार्बन किती टक्के, क्रोमियम किती, कोणत्या तापमानाला पोलाद तापवून थंड केलं, चाचणीचं तापमान किती, ताण किती. दुसऱ्या बाजूनं एक आकडा बाहेर येतो: किती तास टिकेल. मधे साध्या गणिती गाठींचे थर असतात आणि प्रत्येक जोडणीला एक वजन असतं. सुरुवातीला ही वजनं कशीही असतात, त्यामुळे उत्तर चुकतं. खरं उत्तर आणि आलेलं उत्तर यांतली तफावत मागे मागे नेत प्रत्येक वजन किंचित बदलायचं, आणि हे हजारो वेळा करायचं. १९८६ साली रूमेलहार्ट, हिंटन आणि विल्यम्स यांच्या निबंधामुळे ही रीत सर्वदूर पोहोचली.

याची खरी ताकद कुठे आहे? धातूंच्या मिश्रणात घटक एकेकटे वागत नाहीत. व्हॅनेडियमचा उपयोग किती होईल, हे नायट्रोजन किती आहे त्यावर ठरतं. तेही कोणत्या तापमानाला, यावर. असले गुंतलेले संबंध माणसाला सूत्रात मांडणं कठीण जातं. नेटवर्कला ते संबंध आधी सांगावे लागत नाहीत, पुरेशा नोंदी दिल्या की ते त्यांचा आकार स्वतः पकडतं.

पण यात एक खोडही आहे. गाठी जास्त आणि नोंदी कमी असल्या, की नेटवर्क नोंदी पाठ करतं. पाहिलेल्या प्रत्येक तुकड्याचं उत्तर बिनचूक, न पाहिलेल्याचं साफ चूक. म्हणून काही नोंदी लपवून ठेवायच्या आणि शेवटी त्यांवर परीक्षा घ्यायची, ही शिस्त पाळावीच लागते. ती न पाळता छापलेले निबंध मी बरेच वाचले आहेत, आणि त्यांचा या क्षेत्राला उपद्रवच झाला आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

या बाबतीत केंब्रिज विद्यापीठात १९९० च्या दशकात झालेलं काम मला सर्वांत मोलाचं वाटतं. तिथले धातुशास्त्रज्ञ हॅरी भदेशिया आणि भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड मकाय हे एकत्र आले. मकाय यांनी नेटवर्कला संभाव्यतेच्या गणिताची जोड दिली होती. त्यामुळे त्यांचं नेटवर्क नुसतं ‘इतके तास’ म्हणत नाही, त्या उत्तरावर स्वतःचा किती भरवसा आहे तेही सांगतं. जिथे नोंदी दाट आहेत तिथे भरवशाची पट्टी अरुंद असते, जिथे नोंदी नाहीत तिथे ती रुंद होत जाते. आपल्या बांधावरच्या शेतकऱ्याला कोकणातल्या भाताचा उतारा विचारला, तर तो प्रामाणिकपणे म्हणेल, ते माझं काम नव्हे. नेटवर्कला हे म्हणायला शिकवणं, हे त्याला उत्तर द्यायला शिकवण्याइतकंच महत्त्वाचं आहे. १९९९ मध्ये भदेशिया आणि सहकाऱ्यांनी याच पद्धतीनं वीज केंद्रांसाठीच्या पोलादांचं क्रीप-बळ वर्तवलं, आणि त्या अंदाजांना उष्मागतिकीच्या हिशेबांची जोड देऊन नवी मिश्रणं सुचवली. २०१७ मध्ये केंब्रिजमधल्याच दुसऱ्या एका गटानं नेटवर्कच्या साहाय्यानं जेट इंजिनासाठी निकेलचं नवं मिश्रण आखलं, ते प्रत्यक्ष ओतलं, आणि चाचण्या घेऊन अंदाजाशी ताडून पाहिलं. आखणं, ओतणं, ताडणं हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. संगणकावर थांबलेला अंदाज अर्धवट असतो.

निकेलच का, असा प्रश्न तुमच्यातला एखादा विद्यार्थी विचारेल. जेट इंजिनात ज्वलनानंतरचा वायू निकेलच्या वितळबिंदूपेक्षाही, म्हणजे १४५५ अंशांपेक्षाही जास्त तापलेला असू शकतो. पात्यांच्या आतून थंड हवा खेळवतात, वर चिनीमातीसारख्या पदार्थाचा पातळ लेप देतात, तरी धातूला हजार अंशांच्या आसपास राहून प्रचंड वेगानं फिरावं लागतं. निकेलमध्ये ॲल्युमिनियम मिसळलं की आत बारीक, शिस्तीत मांडलेले घन तयार होतात, आणि ते धातूला ताणलं जाऊ देत नाहीत. शिवाय क्रीप कणांच्या सीमांवर जोर धरतो, म्हणून अख्खं पातं एकाच स्फटिकाचं ओततात. सीमाच ठेवत नाहीत. हैदराबादच्या संरक्षण धातुसंशोधन प्रयोगशाळेनं हेलिकॉप्टरच्या इंजिनासाठी अशी एकस्फटिक पाती तयार केल्याचं २०२१ मध्ये जाहीर झालं. ही पाती ओतण्याची पहिली पायरी आपल्या ओळखीची आहे. मेणाची आकृती करायची, तिच्यावर मातीसारख्या पदार्थाचे थर चढवायचे, मेण वितळवून काढून टाकायचं आणि त्या पोकळीत धातू ओतायचा. उशेगाव आणि केसलागुडा इथले ओझा कारागीर गोंड देवदेवतांच्या मूर्ती आणि दागिने पिढ्यान् पिढ्या असेच घडवत आले आहेत. आदिलाबाद डोकरा म्हणून त्या कामाला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मी हे कौतुकापुरतं सांगत नाही. ओतकामातली अवघड जाण, म्हणजे माती कशी हवी, धातू कधी ओतायचा, साचा किती तापलेला हवा, ही त्या घरांत आजही जिवंत आहे आणि बहुतेक कुठेही लिहिलेली नाही.

याच कारणासाठी मला तुम्हाला गोदावरीच्या दक्षिणेला, कोनासमुद्रमला न्यायचं आहे; सुरुवातीला सांगितलेलं पोलाद तिथे तयार होत असे. आज ते निजामाबाद जिल्ह्यात आहे, निर्मळपासून फार लांब नाही. डॉ. हेन्री व्हॉयसी हे त्रिकोणमितीय सर्वेक्षणातले शल्यवैद्य आणि भूशास्त्रज्ञ होते. ते १८२४ मध्ये गेले. त्यांचं कोनासमुद्रमच्या पोलादाचं वर्णन १८३२ मध्ये छापलं गेलं. मिर्तपल्लीचं लोखंड तीन भाग, कोंडापूरचं दोन भाग घेऊन मातीच्या मुशीत भरायचं, भट्टीला सतत भाता मारत चोवीस तास तापवायचं, आणि मग निघालेली वडी पुन्हा पुन्हा तापवून सावकाश थंड करायची. ही पोलादाची वडी न्यायला इराणातल्या इस्फहानचे व्यापारी इथवर येऊन राहत असत. इराणात हे पोलाद करून पाहण्याचे प्रयत्न फसले होते, असं व्हॉयसी नोंदवतात.

तापलेल्या धातूइतकीच तापलेली मातीही इथे विचारात घ्यायला हवी. पोलाद वितळेपर्यंत तडकणार नाही अशी मूस म्हणजे उष्णतारोधक पदार्थच. दख्खनमधल्या या मुशींचा अभ्यास थेल्मा लोव यांनी १९९० च्या सुमारास केला. मातीत भाताचं तूस मळलेलं असे. तूस जळून कार्बन आणि सिलिका उरे, आणि भट्टीच्या उष्णतेत मुशीच्या अंगात म्युलाइट नावाच्या खनिजाचे सूक्ष्म तंतू वाढत. तंतूंनी बळकट केलेली चिनीमाती आज अवकाशयानांच्या अभियंत्यांना हवी असते, ती इथल्या कुंभारांनी आणि लोहारांनी आधीच हाती आणली होती. त्या पोलादाच्या पात्यांवर दिसणाऱ्या लाटांसारख्या नक्षीचं रहस्य १९९८ मध्ये व्हरहोव्हन, पेंड्रे आणि डॉक्श यांनी उलगडलं. लाखात तीन-चार भाग एवढंसं व्हॅनेडियमही त्या नक्षीला पुरेसं ठरत होतं. ज्या खाणीच्या धातुकात ते होतं, त्या धातुकातूनच ते पोलाद निघालं. खाण बदलली, की कारागिराचा हात तोच राहूनही नक्षी येत नसे. का येत नाही, हे सांगायला नोंद नव्हती. ही कला १९ व्या शतकात बंद पडली. स्वस्त विलायती पोलाद, तुटलेला व्यापार आणि कोळशासाठी तुटलेली जंगलं ही कारणं सांगितली जातात, ती खरीच आहेत. पण कला बंद पडल्यावर ती दीर्घकाळ पुन्हा उभी करता आली नाही, याचं मोठं कारण माझ्या मते हे: कोणत्या मिश्रणाला काय झालं, याची वही कुणी ठेवली नव्हती. आपल्या पोलादाचं सर्वांत उपयोगी वर्णन बाहेरून आलेल्या एका शल्यवैद्यानं लिहावं, याचं मला अजूनही दुःख होतं.

हा इतिहास आजच्या विषयाला लागूनच आहे. २०१४ मध्ये पुण्याच्या टाटा संशोधन केंद्रातल्या संशोधकांनी अमेरिकेतल्या सहकाऱ्यांबरोबर एक चांगला निबंध प्रसिद्ध केला. उष्णतेऐवजी वारंवार बदलणाऱ्या भाराखाली पोलाद किती टिकेल, हा त्यांचा प्रश्न होता. घटकांचं प्रमाण आणि तापवण्याच्या पायऱ्या अशा २५ गोष्टींवरून हे बळ वर्तवण्याच्या अनेक रीती त्यांनी तपासल्या, न्यूरल नेटवर्कही त्यांत होतं. अंदाज प्रत्यक्षाच्या फार जवळ आले. त्यांच्या हाती ४३७ पोलादांच्या नोंदी होत्या. त्या नोंदी कुठल्या? मघाशी सांगितलं त्या जपानी संस्थेच्या. बुद्धी आपली, गणित सर्वांचं, वही जपानची.

आपल्याकडे चाचण्या होत नाहीत, असं मी म्हणत नाही. कल्पाक्कमच्या अणुसंशोधन केंद्रात क्रीपवर दीर्घकाळ काम झालं आहे. ७०० अंशांच्या पुढच्या वाफेवर चालणाऱ्या वीज केंद्रासाठीचा राष्ट्रीय प्रकल्पही झाला, त्यासाठीची पोलादं आणि निकेलची मिश्रणं हैदराबादला बनली. पण बॉयलरमध्ये प्रत्यक्ष काय घडतं याचं ज्ञान प्रयोगशाळेत पूर्णपणे मिळत नाही. त्याचं एक जबर उदाहरण आहे. ९ ते १२ टक्के क्रोमियमची काही नवी पोलादं थोड्या हजार तासांच्या चाचण्यांत उत्तम उतरली होती. पुढे दीर्घ चाचण्यांत दिसलं, की त्याहून कितीतरी जास्त तासांनंतर आतले बारीक नायट्राइडचे कण विरघळतात, त्यांच्या जागी झेड फेज नावाचे जाडेभरडे कण तयार होतात, आणि बळ एकदम घसरतं. मग अशा पोलादांवर किती ताण घालायचा, याच्या मर्यादा खाली आणाव्या लागल्या. अनुभवी माणसांचे अंदाज चुकले. थोड्या तासांच्या नोंदींवर शिकवलेलं कुठलंही नेटवर्क हीच चूक, तेवढ्याच आत्मविश्वासानं करेल. झेड फेज ज्या नोंदींत नाही, ती त्याला कुठून दिसणार?

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे: नेटवर्कचं मोल त्याच्या गणितात थोडं आणि त्याला दिलेल्या नोंदींत फार. गणित आज कुणालाही फुकट मिळतं. नागपूरच्या विश्वेश्वरय्या संस्थेत किंवा पुण्याच्या अभियांत्रिकी विद्यापीठात धातुशास्त्र शिकणारा आपला मुलगा किंवा मुलगी एका संध्याकाळी असं नेटवर्क संगणकावर उभं करू शकते. तिला अडतं ते नोंदींवाचून. आणि त्या नोंदी आपल्या आसपास रोज तयार होत आहेत. क्रीपनं फुटलेली प्रत्येक नळी ही एक पूर्ण झालेली चाचणी असते. कोणतं पोलाद, कोणत्या जागी, किती तास, किती अंशांना, आतला गंजाचा थर किती जाड, फाटीच्या कडा जाड की पातळ, हे सगळं त्या तुकड्यावर आणि त्याच्या नोंदीत लिहिलेलं असतं. तो तुकडा कापून भंगारात गेला, नोंद दप्तरात राहिली आणि दप्तर काही वर्षांनी निकालात निघालं, की चाळीस वर्षांच्या चाचणीइतकंच मोलाचं ज्ञान आपण आपल्या हातानं टाकून दिलं.

अपयशाच्या नोंदी उघड करायला संस्था कचरतात, हे मी समजू शकतो. पण नेटवर्कला केंद्राचं किंवा अधिकाऱ्याचं नाव लागत नाही. त्याला धातू, तास, अंश आणि ताण पुरतात. नावं गाळून आकडे सर्वांसाठी खुले करता येतात. आणि न फुटलेल्या नळ्यांच्या नोंदीही तितक्याच हव्यात. फक्त फुटलेल्यांवर शिकलेल्या नेटवर्कला सगळंच फुटणार असं वाटू लागतं.

इथे जयपूरला, रामगुंडमला, चंद्रपूरला काम करणारे कित्येक जण बसले आहेत. तुम्हाला माझी हात जोडून विनंती आहे. पुढच्या वेळी नळी बदलाल तेव्हा तुकडा जपा, तारीख, तास आणि तापमान लिहून ठेवा, आणि वरिष्ठांकडे आग्रह धरा की दरवर्षी हे आकडे नावं गाळून प्रसिद्ध व्हावेत. महाविद्यालयातल्या मुलांनो, तुम्ही उशेगावला जा, ओझा कारागिरांपुढे बसा, त्यांची माती, मेण, धातू आणि भट्टी मोजा, त्यांच्या परवानगीनं आणि त्यांच्या नावानं लिहून काढा. इथल्या ग्रंथालयानं त्या वह्या ठेवायला एक कपाट द्यावं, अशी मी सभेच्या अध्यक्षांना जाहीर विनंती करतो.